बँकॉकचं बिल आणि देवळीची भिशी

देवळीत असं घर सापडायचं नाही, जिथल्या एखाद्या तरी भांड्यावर गजेंद्रभाऊ कोंतमवारांचं अक्षर नाही. लग्नातला हंडा असो, बारशाची वाटी असो की कुणाच्या तेरवीला वाटायचे पेले असोत, गजेंद्रभाऊ कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात, भांडं मांडीवर घेतात आणि मशीनच्या सुईनं घर्रर्र करत नाव टाकतात. नाव टाकायचे पैसे त्यांनी तीस वर्षांत कधी घेतले नाहीत. मात्र लग्न कुणाचं, पाहुणे कुठले, आचारी कोण सांगितला, एवढी सगळी चौकशी झाल्याशिवाय भांडं हातातून सोडलंही नाही.

बाजार ओळीतलं भांड्यांचं दुकान आता त्यांचं राहिलेलं नाही. कोर्टानं त्यांना नादार ठरवलं, दुकान गेलं, आतला माल गेला. कारागिराचं हत्यार जप्त करता येत नाही म्हणून नाव टाकायचं मशीन तेवढं राहिलं. आता ते दुसऱ्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून नावं टाकतात आणि त्याचे मात्र पैसे घेतात. कुणी हळहळायला लागलं की त्यांना राग येतो. "माह्यासारखा नशीबवान माणूस देवळीत दुसरा दाखव," असं ते समोरच्याला ठणकावून सांगतात. दिवाळखोर माणसानं नशिबाची बढाई मारावी, याचं समोरच्याला नवल वाटतं.

हे सगळं सुरू झालं प्रेशर कुकरपासून. एका कंपनीची दरवर्षी स्कीम असायची. दसऱ्यापासून डिसेंबरपर्यंत ठरलेले कुकर विकले की दुकानदाराला बँकॉकची सहल, आणि सहल नको असेल तर सोन्याचं नाणं. गजेंद्रभाऊंनी तीन वर्षं नाणंच घेतलं. सहलीहून परतलेले दुकानदार जे फोटो दाखवायचे आणि जे दाखवायचे नाहीत, ते दोन्ही त्यांना पसंत नव्हते. चौथ्या वर्षी लेकीनं, रूपालीनं, हट्ट धरला. "बाबा, आईले घेऊन जा. शेगाव अन् नागपूर सोडून तिनं काय पाह्यलं?" गजेंद्रभाऊंना ते लागलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि मंजुषानं खरंच काही मागितलेलं नव्हतं. बायकोच्या तिकिटाचे पैसे त्यांनी गल्ल्यातून भरले आणि दोघांचे पासपोर्ट काढले. मंजुषानं विमानात नेसायला म्हणून नवी साडी घेतली आणि तिला फॉल लावून आणला.

नागपूरच्या एजंटानं प्रवासाच्या विम्याचा फॉर्म दिला. त्यात एक रकाना होता, काही आजार आहे का? मंजुषाला सहा वर्षांपासून बीपी होता. रोज सकाळी चहानंतर एक गोळी, बाकी तक्रार काही नाही. पण रूपालीचं लग्न जुळवायचं चाललं होतं, आणि तो एजंट पडला समाजातला. आपल्याकडं लेकीचं जुळेपर्यंत घरात कुणालाच काही झालेलं नसतं. आजोबा म्हातारपणानं गेलेले असतात, मामाला चष्मासुद्धा नसतो. गजेंद्रभाऊंनी पेन उचलला आणि त्या रकान्यात सुंदर अक्षरात 'नाही' लिहिलं. पुढं विमा कंपनीनं हा एकच शब्द त्यांच्यासमोर धरला आणि काखा वर केल्या. गजेंद्रभाऊ विमा कंपनीला दोष देत नाहीत. अक्षर त्यांचंच होतं.

बँकॉकमधला तिसरा दिवस. सकाळी हॉटेलात नाश्ता चाललेला. मंजुषानं पपईची फोड उचलली आणि ती तिच्या हातातून पडली. दुसरी उचलली, तीही पडली. "हात आयकूनच नाई राह्यला माहा," असं म्हणून ती हसली, तर तिचा अर्धाच चेहरा हसला. तासाभरात ते एका मोठ्या हॉस्पिटलात उभे होते आणि हिंदी बोलणारा एक माणूस त्यांना समजावत होता, की मेंदूतली नस फुटली आहे, ऑपरेशन आत्ताच करावं लागेल, आणि त्याआधी आपले साडेतीन लाख रुपये होतील एवढी रक्कम जमा करावी लागेल.

देवळीत तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. गजेंद्रभाऊंनी धाकट्या भावाला, गोपालला, फोन लावला. गोपाल अंगणात उभा राहून मोठमोठ्यानं बोलत होता, कारण परदेशातला फोन म्हणजे मोठ्यानं बोलावं लागतं अशी त्याची समजूत. ते शेजारच्या अनुसयाबाईंनी ऐकलं. नळाची बादली तशीच वाहत ठेवून त्या घरात गेल्या आणि तुरीच्या डाळीचा डबा घेऊन बाहेर आल्या.

त्या डब्यात भिशी होती. वीस बायकांची, महिन्याला दीड हजाराची, पाडव्याला फुटणारी. पाडव्याला सगळ्या मिळून वर्ध्याला जायच्या आणि ग्रॅम-दोन ग्रॅम सोनं आणायच्या. नवऱ्यांना ही भिशी माहीत होती, पण पाचशे रुपयांची. वरच्या हजाराचा कारभार बायकांचा बायकांत. मंजुषा स्वतः त्या भिशीत नव्हती, दुकानदाराच्या बायकोला चोरून जमवायची गरज पडत नाही असं अनुसयाबाई तिला चिडवायच्या. अकरा महिन्यांचे तीन लाख तीस हजार अनुसयाबाईंनी डाळीसकट गोपालच्या ओट्यावर उपडे केले. कुणाला विचारलं नाही. नोटांची डाळ झटकत गोपाल पेट्रोल पंपाच्या मालकाकडं पळाला, त्यानं रोकड घेऊन आपल्या खात्यातून गजेंद्रभाऊंच्या खात्यात पैसे टाकले, वरचे वीस हजार स्वतःचे घातले आणि ते परत नकोत म्हणून तिथंच सांगून टाकलं. बँकॉकच्या खिडकीवर गजेंद्रभाऊंनी कार्ड घासलं. मंजुषाला आत नेलं.

संध्याकाळी अनुसयाबाईंनी वीसही जणींना मंदिरात बोलावलं आणि काय केलं ते सांगितलं. एकीनंही 'माझे परत कधी' असं विचारलं नाही. त्यातली लीलाबाई तेवढं म्हणाली, "डाळ भरून घेजो वं, घरच्या माणसानं डबा उघडून पाह्यला तर बोंब होईन."

मंजुषा वाचली. सव्वीस दिवस ती त्या हॉस्पिटलात होती. ऑपरेशनसाठी तिचे अर्धे केस काढले होते आणि कपाळ कोरं होतं. ते कोरं कपाळ गजेंद्रभाऊंना बघवेना. आपल्या कपाळाला बोट लावून त्यांनी एका नर्सला काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. तिला आधी वाटलं यांचं डोकं दुखतंय, तिनं गोळी आणून दिली. मग तिच्या ध्यानात आलं. तिनं स्वतःच्या पर्समधून लाल लिपस्टिक काढली आणि मंजुषाच्या कपाळावर गोल टिकली काढली, आणि पुढं ड्यूटी असेल त्या प्रत्येक सकाळी काढत राहिली. त्या पोरीचं नाव गजेंद्रभाऊंना आजही नीट घेता येत नाही. पण सकाळी देवापुढं हात जोडतात तेव्हा तिच्यासाठी थोडे जास्त वेळ जोडतात.

बिल मात्र बिलाच्या जागी होतं. चाळीस लाखांच्या वर. गजेंद्रभाऊंनी गोपालच्या नावे मुखत्यारपत्र पाठवून दुकान आणि घर गहाण टाकलं, एका फायनान्स कंपनीनं बावीस लाख दिले, पतसंस्थेनं नऊ, नागपूरच्या ठोक व्यापाऱ्यानं मालाचे येणे सहा लाख लांबणीवर टाकले. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेला रूपालीच्या नावानं घेतलेला प्लॉट विकला. शेवटी मंजुषाला आडवं झोपवून विमानातून आणलं आणि देवळीच्या घराच्या दारात गाडी उभी राहिली, तेव्हा रूपालीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. मंजुषाचा उजवा हात आणि उजवा पाय मागं राहिले होते, शब्द एकेक करून येत होते. पण येत होते. गजेंद्रभाऊ त्या दिवशी जे खुश झाले ते अजून उतरलेले नाहीत.

दोन वर्षं त्यांनी हप्ते ओढले. दुकान चालत होतं, पण व्याज त्याच्यापेक्षा जोरात चालत होतं. बाजार ओळीतले जाणकार एकेक करून सल्ला द्यायला आले. सल्ला एकच होता, दुकान गोपालच्या नावावर करा, घर मेहुण्याच्या, आणि मग कोण काय घेतो बघू. पिढ्यान् पिढ्या असंच चालत आलंय आणि कुणाचं काही बिघडलेलं नाही, असं ते सांगायचे. गजेंद्रभाऊ सगळ्यांना चहा पाजायचे आणि मान हलवायचे. पण हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं. ज्याच्या पैशानं बायको वाचली त्याला रस्त्यात बघून गल्ली बदलायची, असं जगायचं असेल तर मग वाचवलं कशाला?

पिपरी मेघेत दिपाली नावाची एक तरुण वकील राहते. तिच्या लग्नातल्या सगळ्या भांड्यांवर गजेंद्रभाऊंनीच नावं टाकली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शंभर वर्षांपूर्वीचा एक कायदा कपाटातून काढला. "काका, हा इंग्रजांच्या काळातला आहे. आपल्याकडं कोणी फारसा वापरत नाही, लोकांले लाज वाटते. पण रस्ता सरळ आहे. जे आहे ते सगळं कोर्टाच्या हवाली करायचं, ज्याचं देणं आहे त्या सगळ्यायची यादी द्यायची. कोर्ट विकून सगळ्यायले वाटून देते. मग तुमी मोकळे."

"सगळ्यायची?"

"एकूण एक. शपथेवर आहे हे. एक नाव जरी लपवलं तर तुमी कोर्टाले फसवलं असं होते, अर्जच फेकून देतीन. मग फायनान्सवाले तुमाले लबाड म्हणायले मोकळे."

गजेंद्रभाऊंनी यादी दिली. फायनान्स कंपनी, पतसंस्था, नागपूरचा व्यापारी. दिपालीनं विचारलं, आणखी कोणी? गजेंद्रभाऊ खिडकीकडं बघत म्हणाले, "नाई."

त्यांच्या मनात पाप नव्हतं. त्यांना वाटत होतं, ज्या बाईनं डाळीच्या डब्यातून पैसे काढून दिले, तिचं नाव दिवाळखोरीच्या कागदावर फायनान्सवाल्याच्या पंगतीत लिहायचं म्हणजे तिचा अपमान. शिवाय कोर्टाची नोटीस घरी जाणार, वीस घरांत भांडणं लागणार. त्यापेक्षा बायकांचे पैसे आपण गुपचूप, नावं टाकून टाकून, पैसा न् पैसा फेडू. असा सगळा मांडलेला विचार होता आणि त्यांना तो फार चांगला वाटत होता.

घरी येऊन त्यांनी मंजुषाला कागद वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच शब्द काढला.

"अनुसया?"

गजेंद्रभाऊंनी आपला विचार समजावून सांगितला. मंजुषा ऐकत होती आणि तिचा चेहरा, हलत होता तेवढा, लाल होत होता. "तुमी... पहिलेबी... नाई लिवलं," ती म्हणाली. "माहा... बीपी. काय... झालं मंग?"

मंजुषानं डाव्या हातानं त्यांची चप्पल पुढं सरकवली. "तिले... इचारा."

अनुसयाबाई अंगणात गहू निवडत होत्या. त्यांचे यजमान तानबाभाऊ वावरात गेले होते. गजेंद्रभाऊ ओट्यावर टेकले, पाणी प्यायले, आणि आपण नाव का गाळलं ते त्यांनी मोठ्या आदरानं सांगितलं. आपण फार मोठेपणा केला असं त्यांना अजूनही थोडंसं वाटतच होतं.

अनुसयाबाईंनी सूप खाली ठेवलं. "फायनान्सवाल्याचं नाव हाय त्या कागदावर?"

"हाय."

"पतसंस्थेचं?"

"हाय."

"अन् माहं नाई? काऊन जी, भाऊजी? माहे पैसे खोटे होते का?"

गजेंद्रभाऊंनी रिकामा पेला ओट्यावर ठेवला.

"सगळ्यायच्या आंधी कोणाचे पोहोचले?" अनुसयाबाई म्हणाल्या. "फायनान्सवाल्यानं आठ दिवस तुमचे कागद तपासले. माह्या नोटाले तर डाळ लागूनच होती. अन् कोर्टात पहिलं नाव त्याचं, माहं नावच नाई? असं कसं?"

"नोटीस घरी येईन. तानबाभाऊ काय म्हणतीन?"

"थे काय म्हणतीन थे मी पाहून घेईन. बाकीच्या जणींचं नाव टाकू नका, त्यायच्या घरी झगडे व्हाचे. पैसे माह्या हातातून गेले, सगळे माह्याच नावावर लिवा." आणि मग थोडा वेळ गहू निवडून त्यांनी हळूच विचारलं, "पूर्ण नाव लिवतेत का जी तिथं?"

गजेंद्रभाऊंनी तीस वर्षांत अनुसयाबाईंच्या घरच्या कितीतरी भांड्यांवर नाव टाकलं होतं. भांड्याचे पैसे त्या मोजायच्या आणि नाव तानबाभाऊंचं सांगायच्या. त्यांनी मान हलवली. "पूर्ण लिवतेत, वयनी." दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ते वर्ध्याला गेले, दिपालीसमोर खाली मान घालून चूक कबूल केली, आणि अनुसया तानबा ढोबळे, राहणार देवळी, तीन लाख तीस हजार, ही ओळ यादीत घालून आले. दिपाली चांगलीच रागावली. मग तिनं चहा सांगितला.

महिन्याभरानं नोटीस आली. तानबाभाऊंनी ती ओट्यावर बसून तीनदा वाचली. मग ते जेवायला बसले. हात धुतल्यावर म्हणाले, "तीन सालाआंधी बियाण्याले पैसे नव्हते माह्याजवळ. तवा कुठं होते हे?"

"तवाबी याच डब्यातून देल्ले होते," अनुसयाबाई म्हणाल्या. "तुमी इचारलं नाई कुठून आणले म्हणून."

तानबाभाऊंनी काढलेली बिडी परत बंडलात खोचली. मग म्हणाले, "तारखेले माह्या गाडीवर चालजो. बसमधी साडी चुरगळते."

तारीख एप्रिलची होती. वर्ध्याच्या कोर्टातले पंखे गरम हवा फिरवत होते. गजेंद्रभाऊ पुढं उभे होते. दुकान जाणार हे त्यांनी कधीच मान्य केलं होतं. भीती वेगळीच होती. लबाड ठरायची. फायनान्स कंपनीचा वकील उठला आणि नेमका त्यावरच बोलला. हा माणूस परदेशात मौज करायला गेला होता, तो म्हणाला, विम्याच्या फॉर्मवर यानं खोटं लिहिलं, आणि आता लोकांचे पैसे बुडवून हात झटकतो आहे. असल्या माणसाला कोर्टानं संरक्षण का द्यावं? त्यातला एकही शब्द पूर्ण खोटा नव्हता, म्हणून गजेंद्रभाऊंना तो जास्तच झोंबला. त्यांनी मागं वळून बघितलं. मागच्या बाकावर रूपालीला टेकून मंजुषा बसली होती, विमानात नेसली होती तीच साडी नेसून.

दिपालीनं सगळे कागद दाखवले, बिलं, हप्त्यांच्या पावत्या, विकलेला प्लॉट. फॉर्मवरचं खोटंही तिनं लपवलं नाही, उलट गजेंद्रभाऊंनी स्वतःच अर्जात ते कबूल केलंय हे पान काढून दाखवलं. न्यायाधीशांनी ते वाचलं आणि विचारलं, यादीतलं आणखी कोणी हजर आहे का?

"मी हाय जी," अनुसयाबाई उभ्या राहिल्या. हातात नोटीस होती, प्लास्टिकच्या पिशवीत जपून घातलेली. दाराशी उभे असलेले तानबाभाऊ पण उगाचच ताठ झाले.

न्यायाधीशांनी यादी बघितली. "अनुसया तानबा ढोबळे. तीन लाख तीस हजार. बाई, यांना नादार ठरवलं तर तुमच्या पैशातले थोडेच तुमच्या हाती येतील, हे माहीत आहे ना?"

"माहीत हाय."

"मग तुमची काही हरकत? तुमचे पैसे बुडाले असं हे वकीलसाहेब म्हणतात."

अनुसयाबाईंनी वकिलाकडं बघितलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, नवीन सुनेनं भात कच्चा ठेवला तर बघतात तसं बघितलं त्यांनी.

"त्यायचे बुडाले असतीन, साहेब. आमचे नाई बुडाले. वीस जणींचे पैसे हायेत थे," असं म्हणत त्यांनी नोटिशीची पिशवी मागच्या बाकाकडं रोखली. "थे पाहा ना, तिथं बसून राह्यले, थ्या मागच्या बाकावर. कालच माह्या घरी येऊन दोन कप चहा पेले."

सगळं कोर्ट वळून बघायला लागलं. गजेंद्रभाऊंना समोरचं काही दिसेना, डोळे भरून आले होते. आणि मंजुषानं, कोर्टात आपलं नाव निघालं असं वाटून, शाळेत हजेरी द्यावी तसा आपला चांगला हात वर केला.